कोयनेलची वई

“कोयनेल? ते कोण लावतं आता?”

नर्सरीवाल्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती, खरंखुरं कुतूहल होतं. भांड्यांच्या दुकानात जाऊन कुणी वातीचा स्टोव्ह मागावा, तसं त्याला वाटलं असावं. मग त्याने कुंपणासाठी चालणारा सगळा माल माझ्यापुढे मांडला. पिवळा डुरांटा, म्हणजे पुण्यातल्या निम्म्या रस्त्यांच्या दुभाजकांत असतो तो. कुंती, जी माझ्या हातून आधीच एकदा मेली होती. आणि शेवटी जाळीवर चिकटवलेल्या प्लास्टिकच्या पानांची एक गुंडाळी. “साहेब, ह्याला पाणीसुद्धा लागत नाही.”

त्याचंही चूक नव्हतं. कोयनेल हे विकत घ्यायचं झाड नाहीच. ज्यांचं लहानपण सरकारी क्वार्टर्समध्ये, रेल्वेच्या कॉलनीत किंवा जुन्या बंगल्यांच्या गल्लीत गेलं, त्यांना ते नावाने माहीत नसेल पण हाताला माहीत असतं. शाळेतून येताना कुंपणावरून हात फिरवायचा, एखादं पान ओरबाडायचं, दुमडून मोडायचं आणि बोटांना येणारा तो उग्र हिरवा वास घरापर्यंत न्यायचा. कुणी त्याला कडू मेंदी म्हणतं, कुणी वनजाई. सार्वजनिक बागांत तारेच्या सांगाड्यावर चढवलेले जे हिरवे हत्ती उभे असतात, आणि माळी रजेवर गेला की ज्यांच्या कानातून फांद्या बाहेर येतात, ते बरेचदा कोयनेलचेच असतात.

मला कोयनेल का हवं होतं, ते सांगायचं तर वादळापासून सुरुवात करावी लागेल.

श्रीवर्धनपासून थोड्या अंतरावर आमचं घर आहे. वाडी फार मोठी नाही. माड, पोफळी, आंब्याची चार कलमं, एक विहीर, काकूचे भाजीचे वाफे. काका गेल्यापासून काकू तिथे एकटीच राहते. मी पुण्यात नोकरीला, महिन्या-दीड महिन्याने जाऊन ‘लक्ष घालणारा’. रस्त्याच्या बाजूला साठ फूट लांबीची चिऱ्याची भिंत होती, काकांनी हौसेने बांधून घेतलेली. ३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ आलं आणि दोन माड त्या भिंतीवर आडवे झाले. जी उरली ती तशीच ठेवण्यापेक्षा पाडलेली बरी, अशी उरली.

मला पोचायला अकरा दिवस लागले. टाळेबंदी होती, ई-पास काढायचा होता, आणि पहिले काही दिवस तर फोनच लागत नव्हता. गेलो तेव्हा घराकडचं वळण मला ओळखू आलं नाही. त्या वळणावर कायम सावली असायची, ती नव्हती. बाजारात ज्या सुपारीला श्रीवर्धनी रोठा म्हणून मान आहे, तिच्या बागाच्या बागा जमिनीला टेकल्या होत्या. पोफळ लावल्यावर हाताशी सुपारी यायला पाच-सात वर्षं जातात. ज्याचं वय सत्तर आहे त्याने ती कुणासाठी लावायची, हा हिशेब तेव्हा ओटीओटीवर चालला होता.

पण मी खरा चक्रावलो तो रंगाने. जून होता, पाऊस होऊन गेला होता, आणि जी झाडं उभी राहिली होती तीही तपकिरी होती. आंबा, फणस, जास्वंद, सगळ्यांची पानं विस्तवाजवळ धरल्यासारखी करपलेली. वाऱ्याने समुद्राचा तुषार करून आत आणून शिंपडला होता. ताशी १०० किलोमीटरच्या वर वेगाने मीठ अंगावर आलं तर पान काय करणार! त्या सगळ्या करपटात विहिरीच्या कडेचं एक झुडूप मात्र तेलाचा हात फिरवल्यासारखं तुकतुकीत होतं. मी काकूला विचारलं, हे कसं काय वाचलं?

“कोयनेल आहे ते. खाडीवरचं झाड. त्याला मिठाचं काय सांगतोस?” काकू म्हणाली आणि मोडलेल्या कौलांचा ढीग करायला निघून गेली.

खरं म्हणजे तिथेच विषय मिटायला हवा होता. पण मी पुण्याचा. मला कुंपण सुवासिक हवं होतं. पाऊसभर मी बांबू आणि झावळ्यांची तात्पुरती वई घातली, कारण गवंडी मिळत नव्हते आणि पत्रे, कौलं, सिमेंट जे काही येत होतं ते लोकांच्या छपरांवर जायला हवं होतं, माझ्या भिंतीत नव्हे. आणि त्या वईच्या आतून कुंतीची चाळीस रोपं लावली. कुंती सुंदर झाड आहे, त्याबद्दल वाद नाही. पावसाळ्यानंतर रात्री ती फुलते तेव्हा वास अंगणभर होतो. पण आमच्या घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर. फेब्रुवारीत खारा वारा सुटला तशा पानांच्या कडा तपकिरी व्हायला लागल्या, मग शेंडे वाळले, आणि २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून नुसतं पुढे गेलं तेवढ्यात उरलेली सतरा रोपं संपली. झावळ्यांची वई त्याआधीच वाळवीने पोखरली होती. वाऱ्याने तिला फक्त ढकललं.

वाळवीवरून आठवलं. टाळेबंदीत मी ब्रिटिशांच्या मिठाच्या कुंपणाबद्दल बरंच वाचलं होतं. एकोणिसाव्या शतकात, करचुकवं मीठ बंगाल इलाख्यात येऊ नये म्हणून सरकारने जकातीची एक रेषाच देशावर ओढली होती. सिंधूपासून महानदीपर्यंत, २,३०० मैलांच्या आसपास, आणि तिच्यावर पहारा द्यायला सुमारे १२,००० माणसं. त्या रेषेच्या पुष्कळशा भागावर कुंपण होतं. आधी वाळक्या काटेरी फांद्यांचं. ते वाळवी खायची, वणव्यात जळायचं, वादळात उडायचं. तेव्हा जकातीचे आयुक्त होते अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम, पुढे १८८५ मध्ये काँग्रेस स्थापणारे तेच. त्यांनी हिशेब मांडला की मेलेलं कुंपण दरवर्षी नव्याने घालण्यापेक्षा जिवंत लावलेलं परवडेल. मग बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग, थोर, जिथे जे जगेल ते लावलं गेलं. चर खणले, चांगली माती आणून भरली. १८७९ साली ती रेषा सोडून दिली आणि बघता बघता सगळं कुंपण लोकांच्या शेतांत आणि चुलींत गेलं. चिमूटभर मिठासाठी केवढा हा उपद्व्याप! पण झावळ्यांच्या वईचा चुरा केरसुणीने गोळा करताना मला जकातीचा इंग्रज अधिकारी प्रथमच जवळचा वाटला, हे कबूल करतो.

तर अशा रीतीने मी नर्सरीत जाऊन कोयनेल मागितलं, हसं करून घेतलं, आणि रिकाम्या हाताने गावी गेलो. काकूने “सांगितलं होतं” असं म्हटलं नाही. तिने कोयता काढून दिला.

कोयनेल मुळात खाडीकाठचं. भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथे, तिवरांच्या मागच्या रांगेत ते उभं असतं. त्याचं फळ हलकं, बुचासारखं, पाण्यावर तरंगत दुसरा काठ गाठणारं. खाडीवर जाऊन फांद्या आणायचा मला मोह झाला होता, पण तिवरांच्या पट्ट्यात कोयता घेऊन शिरणं कायद्याने चालत नाही, आणि ते योग्यच आहे. विहिरीजवळच्या त्या एका झुडपातून मला पाहिजे तेवढ्या काड्या मिळाल्या. दीडशे काढल्या, तरी सकाळी तोडलंय हे संध्याकाळी कुणाला कळलं नसतं.

काडी पेन्सिलीएवढी जाड, वीतभरापेक्षा थोडी लांब, चार-पाच डोळ्यांची, म्हणजे जिथून फूट येते त्या गाठींची. खालची पानं काढायची, वरची दोन ठेवायची. तीही निम्मी कापायची. एक फूट रुंद आणि तेवढाच खोल चर खणला. आमची जमीन पुळणवट, पाणी टाकलं की दिसेनासं होतं, म्हणून शेणखत सढळ हाताने घातलं. काड्या दोन ओळींत, फूटभर अंतरावर, एका ओळीतली काडी दुसरीतल्या दोघींच्या मध्ये येईल अशा. किंचित तिरक्या. मृगाचा पाऊस धरला होता. साठ फुटांना एकशेवीस काड्या लागल्या. उरलेल्या तीस विहिरीपाशी एका वाफ्यात खुपसून ठेवल्या, मरतील त्यांच्या जागी लावायला. मेल्या फक्त अकरा. ज्याच्या हातून कुंती मरते त्या माणसाच्या दृष्टीने हा निकाल म्हणजे डिस्टिंक्शन.

कोयनेलचं शास्त्रीय नाव मला फार आवडतं. लिनिअसने १७५३ साली ते ठेवलं: वोल्कामेरिया इनर्मिस. मध्ये बराच काळ त्याला क्लेरोडेंड्रम म्हणत होते, २०१० साली ते पुन्हा वोल्कामेरियात आलं. त्या भानगडीत इनर्मिस मात्र टिकलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ निःशस्त्र. अंगावर एक काटा नाही, आणि माणसाने त्याला नेमलं राखणीला! पहिल्या पावसात मी धास्तीने बघत होतो. समोरच्यांच्या शेळ्या आल्या, एकीने पान तोंडात घेतलं, चावलं, मान झटकली आणि ते ओठांच्या कडेने बाहेर सोडून दिलं. मग दुसऱ्या झुडपाचं पान घेऊन तोच प्रयोग केला. तिसऱ्याला नाही केला. मीही एकदा चावून पाहिलं. शेळी बरोबर होती. जेवणापर्यंत तोंड कडू होतं.

वनस्पतिशास्त्राप्रमाणे कोयनेल तुळशीच्या कुळातलं, हेही मी काकूला ऐकवलं. ती म्हणाली, “असेल. प्रत्येक घरात एक तोंडाने कडू असतोच.”

आता माझी चूक. मागे वळून बघताना ती इतकी ढोबळ वाटते की लिहायला संकोच होतो.

रोपं वीत-दीड वीत वाढली तेव्हा काकूने सांगितलं, शेंडे खुड. मी म्हटलं, आत्ता कुठे वाढतंय. ऑक्टोबरात ती गुडघ्याला लागली. काकू म्हणाली, निम्मं काप. मी त्याचा फोटो काढून पुण्यात लोकांना दाखवत होतो, निम्मं कुठून कापणार? जगलेल्या गोष्टीवर कात्री चालवायला हात धजेना. दुसऱ्या पावसाळ्यात ते सरसर छातीपर्यंत आलं. मग मी सुतळी बांधून वरून एकसारखं कापलं, सपाट, लष्करी हजामतीसारखं. लांबून बघताना छाती फुगावी असं. जवळ जाऊन वाकलं की पलीकडचा रस्ता दिसायचा, चपला दिसायच्या, गावातलं कुत्रं खालून आरामात ये-जा करताना दिसायचं. वर सगळा डोलारा आणि खाली नुसत्या काड्या.

झाडाचा हिशेब साधा असतो. वरचा शेंडा आहे तोवर तो खालच्या डोळ्यांना उठू देत नाही. शेंडा गेला की खालचे डोळे फुटतात. जिथे कापाल तिथून दोन-तीन फांद्या, त्या पुन्हा कापल्या की त्यांच्याही तेवढ्याच. म्हणजे कुंपणाचा दाटपणा कात्रीतून येतो, आणि ती कात्री झाड घोट्याएवढं असताना लागायला हवी. शिवाय मी कापताना बाजूंना हातच लावला नव्हता, त्यामुळे वरचा भाग फुगून खालच्या पानांवर सावली धरत होता. सावलीतलं पान झाड फार दिवस पोसत नाही.

काकू म्हणाली, “परकरासारखं काप. खाली घेर, वर आवळलेलं. उन्हाला खालपर्यंत उतरता आलं पाहिजे.” बागकामाच्या लेखांतही हेच सांगतात, पण आकृत्या काढून. परकर म्हटल्यावर मी पुन्हा चुकलो नाही.

२०२३ च्या जूनमध्ये, पहिला पाऊस झाल्यावर, सगळी वई मी फूटभर उंचीवर कापून टाकली. दोन वर्षांची वाढ एका सकाळी. रस्त्यावरून जाणारे थांबून बघत होते. एका गृहस्थाने सायकलवरूनच विचारलं, “रोग पडला काय?” काड्यांच्या त्या खुंटांकडे बघवत नव्हतं. मी दुपारी जेवलो आणि सरळ पुण्याला निघून आलो. तीन आठवड्यांनी काकूचा फोन आला. बाकीचं सगळं बोलून झाल्यावर, फोन ठेवता ठेवता: “फुटलंय हो तुझं. जमिनीपासून.”

त्यानंतर फार काही करावं लागलं नाही, हे कोयनेलच्या बाजूने सांगितलं पाहिजे. पाणी नाही, फवारणी नाही, पानं झडून उघडं पडणं नाही. वैशाखात आजूबाजूचं सगळं सुकून फुफाट्यासारखं झालेलं असतं तेव्हाही ते तसंच हिरवं. पावसाळ्यात महिन्याला एक कात्री, एरवी दोन-अडीच महिन्यांनी. एक खोड मात्र आहे त्याला. फांदी वाकून जमिनीला टेकली की तिथे मूळ धरते. एका वर्षी आतल्या बाजूला दुर्लक्ष झालं आणि वई चांगली तीन फूट पुढे सरकून काकूच्या अळवात येऊन बसली. कुंपणाने शेत खाल्लं म्हणतात ते मी अक्षरशः पाहिलं. कुदळीने उपटावं लागलं.

म्हणींचं निघालं आहे तर सरड्याचंही सांगतो. त्याची धाव कुंपणापर्यंत म्हणून आपण त्याला हिणवतो. आमच्या वईत एक आहे. सकाळी आठला तो वरच्या सपाटीवर येऊन बसतो, गळा लाल करतो, माझ्याकडे बघून दोन-तीन जोर काढतो आणि ऊन चढलं की आत जातो. आत त्याला खायला किडे आहेत, लपायला जागा आहे, मादी आहे. त्याने आणखी कुठे धावावं अशी आपली अपेक्षा आहे, हे मला कळत नाही.

फार कापलं की फुलं कमी येतात. म्हणून विहिरीकडच्या टोकाचं चार फूट कुंपण मी मोकळं सोडतो. फुलं साधारण तीन-तीनच्या झुबक्यात. इंचभर लांब पांढरी नळी, पुढे पाच पाकळ्या, आणि त्यातून बाहेर झेपावलेले चार जांभळट-लाल पुंकेसर, मांजराच्या मिशांसारखे. एका सुट्टीत मी एकाच फुलावर दोन दिवस नजर ठेवली. पहिल्या दिवशी पुंकेसर पुढे ताठ, आणि पाचवा धागा, म्हणजे मादीचा, खाली वाकून बाजूला झालेला. दुसऱ्या दिवशी पुंकेसर गुंडाळून मागे गेलेले आणि त्यांच्या जागी तो पाचवा सरळ उभा. आपलाच पराग आपल्याला लागू नये म्हणून पाळीपाळीने पुढे यायची ही व्यवस्था. इतक्या लांब नळीच्या तळाशी पोचायचं तर जीभही लांब हवी. दिवेलागणीला मोठाले पतंग येतात, फुलावर न बसता हवेतच पंख फडफडवत थांबतात आणि सोंड आत घालतात. त्यांच्या पंखांचा बारीक घरघराट ऐकू येतो, अर्थात रस्त्यावर गाडी नसेल तर.

गाड्या वाढल्या आहेत. समोर होम-स्टे झालं, शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची माणसं रस्त्याने हिंडत असतात आणि वाडीत डोकावून फोटो काढतात. त्यामुळे २०२४ च्या पावसाळ्यात, वई खालपासून वरपर्यंत नीट भरल्यावर, मी ठरवलं की आता ती उंच करायची. साडेपाच फूट. सगळे तेच सांगत होते. मी खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली. काकू बाहेर आली, सुतळीला हाताने चाचपलं आणि म्हणाली, “एवढं नको.”

“का? रस्ता झाकेल.”

“नको. इथवर ठेव.” तिने हवेत तळहात आडवा धरला. तिच्या कमरेच्या जरा वर.

मला वाटलं, जाणाऱ्या-येणाऱ्यांशी बोलायची सवय आहे, ती मोडायची नसेल. वाद घातला नाही. सुतळी खाली घेतली.

काकूच्या डोळ्यांचं तोवर सुरू झालं होतं. मोतीबिंदू कधीच काढून झाला होता. हा पडद्याचा आजार. समोरचं, मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. बोलताना ती माझ्या खांद्याकडे बघते, म्हणजे तिला माझा चेहरा दिसतो. डॉक्टरांनी सगळं समजावलं होतं, इंजेक्शनं झाली होती, मला वाटत होतं मला सगळं माहीत आहे.

आमच्या घराचं दार विहिरीच्या बाजूला उघडतं आणि रस्त्याचं फाटक वईच्या दुसऱ्या टोकाला आहे. दिवाळीत मी गेलो होतो तेव्हा एका संध्याकाळी वीज गेली. मी पडवीत बसलो होतो. दूधवाल्याची घंटी वाजली. मी उठेपर्यंत काकू पातेलं घेऊन निघालीसुद्धा. विजेरी घेतली नव्हती. विहिरीपाशी येऊन तिने डावा हात बाजूला टाकला, तो बरोबर वईवर पडला, आणि मग ती तळहात कापलेल्या पानांवरून फिरवत, न थांबता, न अडखळता, साठ फूट चालत गेली. जिथे पानं संपली तिथे थांबली. तिथे फाटक होतं.

येताना उजवा हात, डाव्यात दूध.

मी काही बोललो नाही, तीही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोकळ्या सोडलेल्या त्या चार फुटांतल्या, हाताच्या वाटेत येणाऱ्या फांद्या तेवढ्या कापल्या. फुलं आता फक्त रस्त्याच्या अंगाला ठेवतो.

यंदा जूनमध्ये छाटणीला गेलो, खुंट्यांवर गेल्या वर्षीची खूण होतीच. सुतळी बांधली आणि काकूला हाक मारली. तिने येऊन तळहात टेकवला. कोपर किंचित वर उचललं गेलं. वर्षभरात ती वाकली आहे. मी सुतळी सोडली आणि दोन बोटं खाली बांधली.